साइनिंग कुणाची, जीएमची की मालकाची?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, फ्री एजन्सीवरचे आहेत (मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलेले खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, नव्या टीमशी करार करतात, तीच साइनिंग) आणि बऱ्याच जणांचा सूर तापलेला आहे, ते साहजिकच आहे कारण मार्चमध्ये आशा लावून बसायचं आणि नोव्हेंबरमध्ये तोच खेळाडू बेंचवर बघायचा हे कुणालाच सहन होत नाही. चार प्रश्न घेतोय.

प्रश्न : आमच्या टीमच्या जीएमने (जनरल मॅनेजर, खेळाडू निवडून टीम बांधणारा) दोन वर्षांपूर्वी सहा फ्री एजंट घेतले. त्यातले दोनच नीट खेळतायत, बाकीचे बेंचवर नाहीतर टीमबाहेर. मी म्हणतो काढा त्याला, माझा मित्र म्हणतो सहात दोन म्हणजे वाईट नाही. बरोबर कोण?

तुम्ही दोघंही डोकी मोजताय आणि माझ्या मते गडबड तिथेच होतेय. सहातले किती चालले यापेक्षा कुणावर किती पैसे अडकवले होते आणि तो चालला नाही तर बाहेर पडायला वाट ठेवली होती का, हे आधी बघा.

अगदी ताजं उदाहरण म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्सचा मार्च २०२४. जीएम हाउई रोजमन यांनी त्या एकाच महिन्यात सेकॉन बार्कली, ब्राइस हफ आणि झॅक बॉन अशी तीन माणसं घेतली (अजूनही घेतली, पण ही तीन बघू). हफचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं, ५ कोटी ११ लाख डॉलरचं, आणि तो पठ्ठ्या सीझनभरात अडीच सॅक (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडणं) करून सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या फायनलच्या, दिवशी संघातसुद्धा नव्हता, पुढच्या उन्हाळ्यात फोर्टीनाइनर्स टीमकडे ट्रेड झाला, म्हणजे अदलाबदलीत दिला गेला. म्हणजे सपशेल फसलेली साइनिंग. बॉनला एका वर्षासाठी जास्तीत जास्त ३५ लाख डॉलर, आधीच्या सेंट्स टीममध्ये तो बहुतेक स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणाऱ्या पथकात) असायचा, इथे डिफेन्सचे कोच विक फँजिओंनी त्याला आतल्या लाइनबॅकरच्या (डिफेन्समधल्या दुसऱ्या फळीच्या) जागी खेळवलं आणि तो थेट फर्स्ट टीम ऑल प्रो झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या यादीत आला. आणि बार्कलीने २००५ यार्ड धावून काढल्या, ईगल्स सुपर बोल जिंकले. आता तुमच्या हिशेबाने हे तिघात दोन, पण खरं सांगायचं तर हफची एक चूक टीमला पचली कारण कॅप (खेळाडूंवर वर्षात किती खर्च करता येतो ती लीगची मर्यादा) आधीच तसं मांडून ठेवलेलं होतं की एक चूक पचावी. माझ्या लेखी जीएमचं कौशल्य हेच. चूक होणारच नाही असा जीएम आजपर्यंत झालेला नाही.

हेच रोजमन २०११ मध्येही जीएम होते बरं का. नामदी असोमुआला पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलर, अजून काही मोठी नावं, टीममधल्याच एकाने ‘ड्रीम टीम’ म्हटलं, आणि सीझन संपला ८-८ वर, आठ जिंकले, आठ हरले. पुढच्या वर्षी ४-१२, आणि असोमुआ दोन सीझनमध्ये बाहेर. म्हणून दोन वर्षांवरून माणूस निकालात काढायला मी कचरतो, शिकणारा जीएम आणि न शिकणारा जीएम यांच्यातला फरक दिसायला तिसरा मार्च लागतो.

अजून एक गोष्ट, साइनिंगच्या दिवशी काय माहीत होतं त्यावर निकाल द्या, नंतर काय झालं त्यावर नको. २०१२ मध्ये डेन्व्हरने क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला घेतलं तेव्हा मानेच्या ऑपरेशन्समुळे तो आधीचं अख्खं वर्ष खेळलेला नव्हता. बातमीत आकडा होता पाच वर्षं, ९ कोटी ६० लाख. पण सुरुवातीला पक्के होते फक्त पहिल्या वर्षाचे १ कोटी ८० लाख, पुढच्या दोन वर्षांचे पैसे मान तपासून ठीक निघाली तरच पक्के होणार होते. मॅनिंग अपयशी ठरला असता तरी मी डेन्व्हरचे कारभारी जॉन एल्वे यांना या साइनिंगबद्दल दोष दिला नसता, कारण जोखीम कुठे आहे ते ओळखून नेमकं तिथेच दार ठेवलं होतं. तुमच्या जीएमच्या त्या चार फसलेल्या खेळाडूंची कॉन्ट्रॅक्टं काढा आणि पहिल्या वर्षानंतर सोडायला किती खर्च होता ते बघा. थोडाच असेल तर तुमचा मित्र बरोबर.

प्रश्न : डेड मनी म्हणजे नक्की काय? खेळाडूला काढलं तर पैसे वाचायला पाहिजेत ना?

थोडक्यात सांगतो. साइनिंग बोनस खेळाडूला रोख मिळतो पण कॅपवर तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून लिहिता येतो. समजा अडीच कोटी बोनस, पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, तर दरवर्षी ५० लाख. दोन वर्षांनी काढलं तर उरलेले दीड कोटी एकदम कॅपवर येऊन बसतात, एक जूननंतरची कट म्हणून दाखवलं तर त्या वर्षी ५० लाख आणि पुढच्या वर्षी एक कोटी. खेळाडू गेला पण जागा अडलेलीच, तो डेड मनी. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडताना डेन्व्हरला दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटींचा असा बोजा घ्यावा लागला होता.

प्रश्न : प्रत्येक वाईट साइनिंगनंतर आमच्याकडे लोक म्हणतात ‘ही मालकाने करायला लावली’. हे ओळखायचं कसं? की जीएमला वाचवायला केलेली सबब आहे?

दोन्ही असू शकतं आणि म्हणूनच मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. बंद खोलीत कोण काय बोललं ते बाहेरच्याला दिसत नाही, पण खुणा दिसतात.

पहिली खूण म्हणजे कॉन्ट्रॅक्टचा साचा. प्रत्येक जीएमची एक सवय असते, कुणी तिशी ओलांडलेल्याला दोन वर्षांपेक्षा जास्त देत नाही, कुणी गॅरंटी पहिल्या दोन वर्षांतच संपवतो. मग एकच कॉन्ट्रॅक्ट या सवयीच्या पार बाहेरचं आलं की मी कान टवकारतो. क्लीव्हलँडचं क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन प्रकरण घ्या, ते फ्री एजंट नव्हे ट्रेड होतं पण खूण शिकायला तेच सगळ्यात स्वच्छ. तीन पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) दिले आणि वर २३ कोटी डॉलर, पाच वर्षं, पैन्‌पै गॅरंटी. तोपर्यंत एवढं पूर्ण गॅरंटीचं कॉन्ट्रॅक्ट कुठल्याच क्वार्टरबॅकला मिळालेलं नव्हतं. शिवाय लीगचा नियम असा की गॅरंटी दिलेला पैसा टीमला बाजूला काढून ठेवावा लागतो, म्हणजे एवढी गॅरंटी मालकाने स्वतः हो म्हटल्याशिवाय निघूच शकत नाही, कुठलाही जीएम आपल्या अधिकारात ती लिहू शकत नाही. पहिल्या तीन सीझनमध्ये वॉटसन १९ सामने खेळला. मालक जिमी हॅस्लम यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की मोठा डाव टाकला आणि तो फसला, आणि तो निर्णय आमचा सगळ्यांचा होता, जबाबदारी शेवटी मालकांवरच येते या अर्थाचं बोलले. जीएम अँड्र्यू बेरी तरीही त्यात होतेच, त्यांना पूर्ण सूट मी देणार नाही, पण त्यांच्या बाकीच्या साइनिंगच्या रांगेत ही एक बसवून सरासरी काढणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी खूण, नाव आणि वेळ. वॉशिंग्टनचा मालक डॅन स्नायडरच्या काळातला इतिहास या विषयात वाचलाच पाहिजे. १९९९ मध्ये टीम घेतली ८० कोटी डॉलरना, त्याच वर्षी जुने जीएम चार्ली कॅसर्ली गेले, आणि २००० मध्ये डिऑन सँडर्स, ब्रूस स्मिथ, मार्क कॅरियर, जेफ जॉर्ज अशी एकाहून एक नावं आली, सगळी मोठी आणि सगळी उतरणीला लागलेली. सँडर्सला सात वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख, तो एक सीझन खेळून रिटायर झाला. टीम ७-६ असताना कोच नॉर्व्ह टर्नर यांना काढलं, शेवट ८-८. नंतर २००९ ला अल्बर्ट हेन्सवर्थ, सात वर्षं, १० कोटी, त्यातले ४ कोटी १० लाख गॅरंटी, आणि फ्री एजन्सी उघडल्यावर काही तासांत. वर्षभरात कोच बदलला, माइक शॅनहन यांनी डिफेन्स ३-४ चा (पुढच्या फळीत तीन, मागे चार लाइनबॅकर) केला जो हेन्सवर्थला नको होता, फिटनेस टेस्टवरून वाजलं, एकूण २० सामने खेळून तो पॅट्रियट्सकडे पाचव्या फेरीच्या एका पिकवर गेला. आता सांगा, टेनेसीत ऑल प्रो असलेला माणूस घेणं चूक होतं का? खेळाडू चांगलाच होता, पण कोच कोण राहणार, स्कीम कुठली राहणार हेच ज्या टीममध्ये ठरलेलं नाही तिथे सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देणं चूक होतं, आणि ती अस्थिरता वरून येत होती.

तिसरी खूण तुम्हाला कधीकधी उलटी दिसेल, न झालेल्या गोष्टीत. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसच्या जेरी जोन्स यांना क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिएल हवा होता हे त्यांनी स्वतः सांगितलंय, मुलगा स्टीफन आणि बाकीच्यांनी त्यांना थांबवलं आणि डॅलसने झॅक मार्टिन हा गार्ड घेतला, ज्याची पुढे नऊ वेळा प्रो बोलसाठी (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवड झाली. जोन्स तर १९८९ पासून मालकही तेच आणि जीएमही तेच, तिथे हस्तक्षेप हा शब्दच लागू होत नाही, पण खोलीत नाही म्हणणारा माणूस असणं किती मोलाचं असतं ते त्या एका पिकवरून कळतं.

आणि या तीनपैकी एकही खूण नसेल तर कृपा करून मालकाचं नाव घेऊ नका, ती साइनिंग जीएमचीच. मालकाने चेक मोठा फाडला म्हणजे हस्तक्षेप केला असंही नाही, उलट बोनस रोख द्यायची तयारी असलेला मालक जीएमला कॅप पुढे ढकलायची मोकळीक देतो, ती मदत आहे.

प्रश्न : मग मालकाने अजिबात तोंड उघडायचं नाही का? जायंट्सचे जॉन मारा गप्प बसले आणि बार्कली गेला, ते बोलले असते तर बरं झालं नसतं?

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. २०२४ च्या उन्हाळ्यात दाखवलेल्या, जायंट्सवरच्या टीव्ही मालिकेत मारा जीएम जो शोएनना सांगताना दिसतात की बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण जाईल. एवढं बोलून त्यांनी निर्णय शोएन यांच्यावर सोडला. बार्कली तीन वर्षांच्या ३ कोटी ७७ लाखांवर नेमका तिथेच गेला, पुढचं मघाशी सांगितलंच. जायंट्स त्या वर्षी ३-१४.

तरी माझं मत असं की मारा बरोबर वागले. मनातलं स्पष्ट सांगितलं, हुकूम सोडला नाही. आणि शोएन यांचा रनिंग बॅकवर (बार्कलीसारख्या, बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूवर) मोठा पैसा न घालण्याचा विचार जगावेगळा नव्हता, लीगमधले अर्धे जीएम तसंच वागले असते. माझा त्यांच्यावर खरा राग आहे तो आधीच्या मार्चचा, २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी दिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला सोडून दिलं. क्वार्टरबॅकवर एवढा पैसा बांधून बसल्यावर बार्कलीसाठी हात आखडला गेला, असं मी ते वाचतो. तेव्हा जायंट्सचा चाहता म्हणून हिशेब मांडायचाच असेल तर बार्कलीपासून नको, जोन्सच्या कॉन्ट्रॅक्टपासून सुरू करा.