वाचकांचे प्रश्न : मुंबई दर्शनाचा एक दिवस

प्रश्न : माझे सासू-सासरे माणदेशातून प्रथमच मुंबईला आले होते. मला रजा मिळाली नाही, म्हणून त्यांना एका खाजगी मुंबई दर्शन बसने पाठवले. गेटवेला वीस मिनिटे, वस्तुसंग्रहालयाला अर्धा तास, फोर्टातल्या इमारती चालत्या बसच्या खिडकीतून आणि जुहूला पोहोचेपर्यंत अंधार, असा तो दिवस गेला. ‘मुंबई पाहिली म्हणून गावात सांगायचे तरी काय?’ असे सासरे विचारतात. दिवाळीनंतर ते पुन्हा येणार आहेत. त्याच ठिकाणी त्यांना परत नेण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अर्थ आहे, पण त्यातली निम्मी ठिकाणे गाळून. गाइडवर फार रागावू नये. चाळीस-पन्नास प्रवाशांना उतरवून पुन्हा मोजून चढवण्यातच वीस मिनिटांतली बरीचशी जातात. शिवाय मुंबई दक्षिणोत्तर लांबलचक पसरलेली असल्याने गेटवे, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक आणि जुहू एका दिवसात गाठायचे म्हटले की दिवसाचा मोठा भाग रस्त्यावरच सरतो. पंढरपुरात घाई असलेल्यांसाठी मुखदर्शनाची रांग असते, तशी ही सोय आहे. दूरदूरची ठिकाणे एकदा नजरेखालून घालण्यासाठी ती पुरेशी ठरते. फोर्ट मात्र बसमधून पाहण्याचा भाग नव्हे. गेटवेपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर जेमतेम अडीच किलोमीटर आहे आणि वाटेत जे थांबून पाहावे, तिथे बस थांबूच शकत नाही.

सकाळी लोकलने टर्मिनसला उतरून टॅक्सीने थेट गेटवेला जावे आणि तेथून पायी परतीची वाट धरावी. गेटवे आणि जवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही दोन स्थळे एकत्र समजून घेतली तर दोन्ही अधिक उलगडतात. १९०५ साली ब्रिटनचा युवराज म्हणून आलेल्या जॉर्जने (पुढचा राजा पाचवा जॉर्ज) संग्रहालयाची कोनशिला बसवली आणि १९११ साली तोच राजा होऊन आला, त्याच्या स्मरणार्थ गेटवे उभारले गेले. राजाने प्रत्यक्ष पाहिली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. दगडी कमान पुरी व्हायला १९२४ साल उजाडले. दोन्ही वास्तूंचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट हाच होता. ज्या कमानीने साम्राज्याचे स्वागत करायचे, तिच्याखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी बाहेर पडली, एवढे जरी सासऱ्यांना तिथे उभे राहून सांगितले तरी गावात सांगण्याजोगे काही त्यांच्या हाती लागेल. संग्रहालय संपूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नये. तळमजल्यावरचे शिल्पदालन आणि लघुचित्रांचे दालन एवढेच निवांत पाहावे.

जेवणानंतर ओव्हल मैदानाकडे वळावे. माझ्या मते मुंबईचा इतिहास एका नजरेत मावेल अशी हीच एक जागा आहे आणि दर्शनाच्या बसमधून नेमकी तीच निसटते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, किल्ल्याचे तट पाडले गेले. त्यानंतर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या गॉथिक इमारती उठल्या. त्या काळी मैदानापलीकडे समुद्र होता. बॅकबेमध्ये, म्हणजे त्याच समुद्रात, भराव पडल्यावर १९३०च्या दशकात समोरच्या बाजूला गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती आल्या. या दोन रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. विद्यापीठाच्या आवारातल्या राजाबाई टॉवरचा खर्च कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी उचलला आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. त्याचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलच ठेवले नव्हते, तेव्हा खिडकीतून का होईना टॉवर पाहणारे आपले सासरे त्यांच्यापुढेच म्हणायचे.

तेथून हुतात्मा चौक जवळच आहे. फ्लोरा फाउंटन १८६४चे. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे स्मारक आहे. मराठी माणसाने इथे दहा मिनिटे थांबावे, हे खरे तर सांगावे लागू नये. पण सिनेनटांच्या बंगल्यांबाहेर ताटकळणाऱ्या सहली या चौकातून सिग्नल सुटताच पुढे सरकतात.

शेवटी टर्मिनस. १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत पुरी झालेली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा आहे. रोजच्या धावपळीत आपणही कदाचित तिच्या फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ पाहिले नसतील. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. समोरचे महापालिकेचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच.

वार शक्यतो शनिवार निवडावा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येऊ शकतो आणि इतर दिवशी संध्याकाळच्या गर्दीत वृद्धांना डोंबिवलीपर्यंत उभे राहून यावे लागेल.

प्रश्न : याच दिवसात घारापुरी बसेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. गेटवेहून लाँचने जाण्यासच सुमारे तास लागतो, तेवढाच परतीला, आणि धक्क्यापासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांचा चढ आहे. पाच मीटरांहून उंच त्रिमूर्तीसमोर लाँचची वेळ मोजत उभे राहण्यापेक्षा तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. लेणी सोमवारी बंद असतात. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटले, तो आता बेटावर नसून भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुलांना शेजारच्या राणीच्या बागेत नेणार असाल तर तो तेव्हाच दाखवता येईल.