वाचकांचे प्रश्न : बँकेच्या पैशावर उभे राहिलेले हॉटेल

मागील अंकात जगातील जुन्या हॉटेलांविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचे पॅलेस हॉटेल बांधणारे बँकर विल्यम चॅपमन रॉल्स्टन यांचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत आला होता, आणि त्या दोन ओळींवरच कोकणातून सर्वाधिक पत्रे आली. मालवणपासून गुहागरपर्यंत घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघत असताना आणि त्यातील बऱ्याच खोल्या कर्ज काढून बांधल्या जात असताना हे कुतूहल स्वाभाविक आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

आम्ही निवास-न्याहारी योजनेत घरच्या चार खोल्या देतो. बँकेतल्या माणसाला एवढे अवाढव्य हॉटेल बांधायची बुद्धी कशी झाली? मुळात हे गृहस्थ होते कोण? (एक वाचक, मालवण)

रॉल्स्टन यांचा जन्म 1826 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, नदीकाठच्या एका लहान गावात झाला. तरुणपणी ते मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर कारकून होते. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी पसरल्यावर 1849 मध्ये तेही निघाले, पण वाटेत पनामाला थांबले आणि सोन्यासाठी धावणाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बोटींच्या धंद्यात शिरले. खाणीत उतरण्यापेक्षा खाणीकडे जाणाऱ्यांना सेवा पुरवण्यात पैसा खात्रीचा असतो, हे त्यांनी तिथेच हेरले असावे. 1854 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत आले, भागीदारीत पेढ्या काढल्या आणि 1864 साली ‘बँक ऑफ कॅलिफोर्निया’ स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष डेरियस ऑग्डन मिल्स हे शहरभर सावध म्हणून ओळखले जाणारे श्रीमंत गृहस्थ होते, तर रॉल्स्टन यांचे पद कॅशियरचे होते. पदाच्या नावावर जाऊ नये. कारभार तेच पाहत असत, आणि मिल्स बाजूला झाल्यावर ते अध्यक्षही झाले.

हॉटेलाचे मूळ मात्र पाहुणचाराच्या हौसेत नसून जमिनीच्या व्यवहारात आहे. रॉल्स्टन आणि त्यांच्या भागीदारांनी शहराच्या मुख्य रस्त्याच्या दक्षिणेला मोठी जागा घेतली आणि ‘न्यू मॉन्टगोमेरी’ नावाचा नवा रस्ता आखला. दोन्ही बाजूंच्या भूखंडांना सोन्याचा भाव येईल, असा हिशेब होता. भूखंड खपले नाहीत. तेव्हा त्या रस्त्याला वर्दळ यावी म्हणून आधी एक ‘ग्रँड हॉटेल’ बांधले आणि मग समोरच्या कोपऱ्यावर पॅलेस. होऊ घातलेल्या महामार्गालगत आधी जमीन घ्यायची आणि भाव चढेना म्हणून तिथे स्वतःच रिसॉर्ट काढायचे, हा प्रकार आपल्या किनाऱ्याला अनोळखी नाही.

इमारत सात मजली होती आणि खोल्या 755. मधोमध काचेचे छत असलेले प्रशस्त अंगण होते. पाहुण्यांच्या घोडागाड्या रस्त्यावरून थेट त्या अंगणात येत, वळसा घालून थांबत, आणि वरच्या मजल्यांच्या सज्जांतून लोक आलेल्या मंडळींना न्याहाळत असत. पाण्याच्या दाबावर चालणारे पाळणे (लिफ्ट) होते, गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, आणि 1868 च्या भूकंपाची धास्ती ताजी असल्यामुळे विटांच्या भिंतींत लोखंडी पट्ट्या घातल्या होत्या. खर्च सुमारे पन्नास लाख डॉलर झाला. बँकेचे एकूण भागभांडवल तेवढेच होते, हा आकडा पुढच्या उत्तरासाठी लक्षात ठेवावा.

मी बँकेच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. एका हॉटेलामुळे एवढी मोठी बँक बंद पडते, हे पटत नाही. कर्जव्यवहार नेमका काय होता? (एक वाचक, रत्नागिरी)

आपली शंका रास्त आहे. हॉटेल हे शेवटचे ओझे होते, पहिले नव्हे.

बँकेची खरी कमाई शेजारच्या नेवाडा राज्यातील ‘कॉमस्टॉक’ या चांदीच्या खाणपट्ट्यातून होत होती. तिथल्या व्हर्जिनिया सिटी या गावी रॉल्स्टन यांनी विल्यम शॅरन यांना बँकेचे प्रतिनिधी म्हणून पाठवले. धातुक दळणाऱ्या गिरण्यांना शॅरन दरमहा दोन टक्के व्याजाने कर्ज देऊ लागले. आज हा दर ऐकून अंगावर काटा येईल, परंतु तिथे प्रचलित दर महिन्याला तीन ते पाच टक्के होता, त्यामुळे गिरणीमालकांची रीघ लागली. पुढे खाणींतील माल मंदावला, हप्ते थकले, आणि एकेक गिरणी बँकेच्या मंडळींच्या ताब्यात आली. 1867 मध्ये या गिरण्यांची एक कंपनी झाली आणि पाठोपाठ खाणीपासून गिरणीपर्यंत माल नेणारी रेल्वेही त्यांनीच बांधली. खाण, गिरणी, रेल्वे आणि कर्ज देणारा, सगळे एकाच गोटातले. खोतीच्या काळातील गहाणखते ज्यांच्या घरात अजून जपून ठेवलेली आहेत, त्यांना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

या नफ्यावर रॉल्स्टन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत लोकरीची गिरणी, फर्निचरचा कारखाना, नाट्यगृह आणि इतर अनेक उद्योगांत पैसा घातला. कॅलिफोर्नियाने बाहेरून काही मागवू नये, सर्व इथेच व्हावे, अशी त्यांची धारणा होती. हॉटेलाच्या बांधकामातही त्यांनी हाच हट्ट धरला आणि सामान बाजारातून घेण्याऐवजी ते बनवणारे कारखानेच हाताशी धरले. 1869 साली अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा आता भरभराट होणार असे इतरांप्रमाणे त्यांनाही वाटले होते. घडले उलटेच. पूर्वेकडचा स्वस्त माल गाड्या भरभरून आला आणि स्थानिक कारखाने टेकीला आले. (कोकण रेल्वेने आंबा मुंबईला नेला तसा घाटावरचा आणि परप्रांतीचा कोणकोणता माल इथे आणला, याचा जमाखर्च कोणी तरी मांडायला हवा.)

त्यातच 1873 मध्ये कॉमस्टॉकमध्ये चांदीचा सर्वांत मोठा साठा सापडला, तो रॉल्स्टन यांच्या गोटाला नव्हे, तर मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन या प्रतिस्पर्धी चौकडीला. त्यांनी 1875 मध्ये स्वतःची बँक काढण्याचे ठरवले आणि सॅन फ्रान्सिस्कोतील रोख सोने तिकडे वळू लागले. रॉल्स्टन यांचा पैसा तोवर विटा, जमीन आणि यंत्रे यांत अडकून पडला होता. सुटकेसाठी त्यांनी शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे शेअर गोळा केले. ती कंपनी चढ्या भावाने नगरपालिकेला विकण्याचा बेत होता. वृत्तपत्रांनी आणि नगरपालिकेतील विरोधकांनी तो हाणून पाडला.

26 ऑगस्ट 1875 रोजी खाणींचे शेअर कोसळत असताना कॅलिफोर्निया स्ट्रीटवरील बँकेच्या दारात ठेवीदारांची गर्दी उसळली. व्यवहार सोन्याच्या नाण्यांत होत असत, त्यामुळे रोखपालांपुढचे ट्रे रिकामे होताना गर्दीला समोर दिसत होते. कामकाजाची वेळ संपण्यापूर्वीच दुपारी दारे लावण्यात आली. चौकशीत निघाले ते आपण ओळखलेच असेल. बँकेचे सर्वांत मोठे कर्जदार खुद्द बँकेचे अध्यक्ष होते. कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकच असला की तारणाची छाननी कोण करणार? माझ्या मते रॉल्स्टन यांचा दोष हॉटेल बांधण्यात नसून इथे आहे. भारतात बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 20 नुसार संचालकांना आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या संस्थांना कर्ज देण्यास मनाई आहे, ती अशाच अनुभवांतून आली आहे.

रॉल्स्टन यांना कोणी नकली हिऱ्यांची खाण विकली होती, असे वाचले. एवढा हुशार माणूस फसला कसा? (भूगर्भशास्त्राची एक विद्यार्थिनी, वेंगुर्ले)

हिरे नकली नव्हते, खाण नकली होती. फिलिप अर्नोल्ड आणि जॉन स्लॅक या केंटकीच्या दोघा चुलतभावांनी हलक्या प्रतीचे कच्चे हिरे आणि माणके विकत घेऊन दुर्गम माळरानात पेरली आणि खाण सापडल्याची बतावणी केली. न्यूयॉर्कच्या टिफनी या नामवंत पेढीने नमुन्यांची किंमत भरमसाट आकारली, एका प्रतिष्ठित खाणअभियंत्याने जागेवर जाऊन होकार दिला, आणि 1872 मध्ये रॉल्स्टन व त्यांच्या मित्रांनी कंपनी उभी केली.

पितळ उघडे पाडले ते क्लॅरेन्स किंग या भूगर्भशास्त्रज्ञाने. हिरे, माणिक आणि नीलम हे एकाच जागी, एकाच थरात निसर्गतः सापडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. जागेवर गेल्यावर मुंग्यांच्या वारुळांत काडीने पाडलेली भोके आणि आत सारलेले खडे आढळले. जिथे जमीन हललेली नव्हती तिथे काहीच मिळाले नाही. रेडीची लोहखनिजाची खाण आपल्याजवळच आहे. ती पाहताना आजूबाजूचा खडकही तपासायची सवय ठेवावी, किंग यांनी तेवढेच केले होते. रॉल्स्टन यांनी गुंतवणूकदारांचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले. त्यांच्याविषयी लोकांना अखेरपर्यंत माया वाटली, त्यामागे हे एक कारण आहे.

त्यांनी आत्महत्या केली का? (एक वाचक, दापोली)

बँक बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 27 ऑगस्टला, संचालकांनी त्यांचा राजीनामा मागितला. त्यांनी आपली मालमत्ता देणी भागवण्यासाठी शॅरन यांच्या नावे लिहून दिली आणि दुपारी नेहमीप्रमाणे नॉर्थ बीचला पोहायला गेले. तिथे पाण्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय 49 होते. ते तिथे नियमित पोहत असत, हे लक्षात घेता त्या दिवशीचे जाणे वेगळे नव्हते. मेंदूत किंवा हृदयात बिघाड झाला असावा, असे त्या वेळी अनेकांचे मत होते. शंका तेव्हाही होती, आजही आहे, आणि तिचा निकाल लावण्याजोगा पुरावा पुढे आलेला नाही. अंत्ययात्रेला मात्र अफाट लोक लोटले, आणि त्यांत त्यांच्या बँकेत पैसे अडकलेलेही असणारच.

आपल्याकडे प्रेमचंद रायचंद यांची कथा अशीच नाही का? (एक शिक्षक, चिपळूण)

बरेच साम्य आहे, आणि काळही तोच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला बेसुमार भाव आला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जे वाटली, बॅक बेची भरणी करणाऱ्या कंपनीच्या शेअरचा तर सट्टाच झाला. युद्ध संपताच 1865 मध्ये सारे कोसळले आणि 1868 मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. प्रेमचंद बुडाले, पण सावरले, आणि 1906 पर्यंत जगले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठात आहे. फरक सांगायचा तर प्रेमचंद यांचा मूळ पिंड दलालाचा होता आणि रॉल्स्टन यांचा कारखानदाराचा. एकाचा पैसा कागदात बुडाला, दुसऱ्याचा विटांत.

ते हॉटेल आणि ती बँक यांचे पुढे काय झाले? (एक वाचक, सावंतवाडी)

पॅलेस हॉटेल 2 ऑक्टोबर 1875 रोजी, मालकाच्या मृत्यूनंतर पाच आठवड्यांनी सुरू झाले. मालक आता शॅरन होते, आणि ते त्याच वर्षी नेवाडाचे सिनेटरही झाले. मिल्स परत अध्यक्षपदी आले, संचालकांनी पदरचे पैसे घातले आणि त्याच सुमारास बँकेची दारेही पुन्हा उघडली. 1906 च्या भूकंपात हॉटेलाच्या भिंती टिकल्या, पण पाठोपाठ लागलेल्या आगीत सर्व खाक झाले. 1909 मध्ये त्याच जागी नवे पॅलेस उभे राहिले आणि ते आजही चालू आहे. बँक विलीनीकरणांमधून दुसऱ्या बँकांत मिसळून गेली.

पतसंस्थेत आमची ठेव आहे आणि संस्थेने एका रिसॉर्टला मोठे कर्ज दिल्याचे ऐकतो. आमच्या पैशाला संरक्षण आहे का? (एक ठेवीदार, गुहागर)

बँक आणि पतसंस्था यांत इथे महत्त्वाचा फरक आहे. व्यापारी बँका आणि सहकारी बँका यांतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. केरळमधील पलाई सेंट्रल बँक 1960 मध्ये बुडाल्यानंतर ही योजना आली आणि 1962 पासून लागू झाली. फेब्रुवारी 2020 पासून तिची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवल्याने ही मर्यादा चौपट होत नाही. पतसंस्थांना हा विमा लागू नाही.

ऐकीव माहितीवर ठेव मुदतीपूर्वी मोडू नये. आपण सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी मिळणारा अहवाल आणि लेखापरीक्षण नीट वाचावे, आणि दोन गोष्टी सभेत नेमक्या विचाराव्यात : एकूण कर्जापैकी किती कर्ज एकाच कर्जदाराकडे किंवा एकाच कुटुंबाकडे आहे, आणि संचालकांच्या नातेवाइकांकडे किती आहे. उत्तर इतिवृत्तात नोंदवले जाईल, हेही पाहावे. ते मिळाले नाही, तर सहकार खात्याच्या तालुका सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज करता येतो.