सेल्फ फिरतोय, पण गाडी काही चालू होत नाही

प्रश्न : माझी 2013 ची पेट्रोल गाडी आहे, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतलं. गणपतीला ट्रेनने गावी गेलो होतो, बारा दिवस गाडी बिल्डिंगखाली उभी. आल्यावर बघतो तर सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॅटरी बदलायला लावली, साडेचार हजार गेले, गाडी तिथेच. आता म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय. पेट्रोलचा काटा कायम खालीच असतो, चालवतो सगळी गॅसवरच. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी त्या ईसीएमवाल्याला थांबवा. आणि सेल्फ जोरात फिरत होता तर बॅटरी कशाला बदलली हेच मला कळलं नाही, बॅटरी उतरली असती तर नुसतं टक-टक झालं असतं किंवा सेल्फ रडत-रडत फिरला असता. असो, गेले ते पैसे.

तुमच्या पत्रातलं पेट्रोलच्या काट्याचं वाक्यच कामाचं आहे. सिक्वेन्शियल किटची गाडी चालू होते पेट्रोलवरच, इंजिन थोडं गरम झालं की मग गॅसवर जाते. आणि पेट्रोलचा पंप असतो टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला, त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही त्या पेट्रोलचंच. बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालतानाही तो फिरतच असतो. टाकी कायम तळाला म्हणजे पंप कोरडा फिरून मरणार, सीएनजीवाल्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे.

आता घरच्या घरी बघा. पाच लिटर पेट्रोल टाका, काट्यावर विश्वास ठेवू नका. मग कुणालातरी चावी फक्त ऑन करायला सांगा, सेल्फ मारायचा नाही, आणि तुम्ही मागच्या सीटला कान लावा. दोनेक सेकंद झूंऽऽ असा बारीक आवाज आला पाहिजे. नाही आला तर पंपाचा फ्यूज बघा, आणि हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून बघा, फुकटात काम होतं. तरी आवाज नाही तर टाकीवरच्या कनेक्टरला 12 व्होल्ट येतात का ते मेकॅनिककडून मोजून घ्या. करंट येतोय आणि पंप गप्प, म्हणजे बहुतेक पंपच गेला. करंटच येत नसेल तर वायर तपासा, गाडी बारा दिवस उभी होती म्हणजे उंदरांना मोकळं रानच.

अजून एक युक्ती. बऱ्याच किटमध्ये गॅसचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की गाडी थेट गॅसवर चालू करता येते, किटवाल्याला फोन करून पद्धत विचारा (गॅसचा वास येत असेल तर मात्र अजिबात नाही). तशी चालू झाली तर प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) सगळं ठीक, घोळ फक्त पेट्रोलच्या लाइनमध्ये. मग ईसीएमवर संशय घ्यायचं फारसं कारण नाही.

गॅसवरही नाही झाली तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा, जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखली नाही की गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुर्रकन फिरतोय असं वाटलं तर लगेच थांबा, टायमिंग बेल्ट किंवा चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारी) गेलेली असू शकते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि यापुढे टाकी निदान पाव तरी भरलेली ठेवा हो.

प्रश्न : सकाळी पार्किंगमधून गाडी फक्त दहा फूट पुढे घेतली आणि बंद केली. नंतर चालूच होईना, पेट्रोलचा वास येतोय.
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्लग ओले झालेत. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्याने पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते. इंजिनने पकडलं की पाय लगेच उचला. दोन-तीनदा करून नाही झालं तर प्लग काढून सुकवा.