वाचक विचारतात : राजीनाम्याआधीचा हिशेब

प्रश्न : आम्ही बदलापूरला राहतो. माझी नोकरी अंधेरीला. हातात ३८,००० येतात, मूळ पगार २०,०००. नवऱ्याला ५५,००० मिळतात. गृहकर्ज दोघांच्या नावावर, हप्ता २७,०००. मुलगी तीन वर्षांची. मी घरी पोचते तेव्हा ती पेंगुळलेली असते. नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले. सोडून देऊ का?

उत्तर : निदान आणखी दहा महिने तरी सोडू नका. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते : मूळ पगार व महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २०,००० वर ती साधारण ५७,७०० रुपये होते.

आता नोकरीतून घरात खरोखर किती येतं ते मांडा. पाळणाघर ७,०००, पास-रिक्षा ३,०००, पोळ्यांच्या बाई ३,०००, दमून बाहेरून मागवलेलं जेवण ३,००० असं धरू. आकडे तुमचे घाला. हे १६,००० नोकरीपायीच जातात, उरतात २२,०००. पण पगाराच्या आकड्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टीही जातील : पीएफमधला कंपनीचा हिस्सा आणि कंपनीचा आरोग्यविमा. विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांच्या खर्चासाठी काही काळ थांबावं लागतं. म्हणून तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे राजीनाम्याआधी विचारा.

मग तीन महिने प्रयोग करा. पगाराच्या दिवशीच २२,००० वेगळ्या खात्यात टाका आणि हात लावू नका. हप्ता गेल्यावर नवऱ्याच्या पगारातल्या २८,००० मध्ये घर चालतं का पाहा. शाळेची फी, विम्याचे हप्ते, दिवाळी, गावी जाणं यांची वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला काढा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो : ऑगस्टमध्ये सगळं जमल्यासारखं वाटतं आणि जूनमध्ये फी भरताना घर अडतं. क्रेडिट कार्डावरचा खर्च ज्या दिवशी केला त्याच दिवशी वहीत लिहा. साठलेले ६६,००० कर्जात भरू नका. एकदा भरलेले पैसे अडचणीच्या वेळी परत मागता येत नाहीत. सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च, म्हणजे ३,३०,००० हाताशी हवेत. तुम्ही सहकर्जदार आहात, त्यामुळे नोकरी नसली तरी बँकेच्या लेखी जबाबदारी तुमचीही राहते.

मुलीच्या वाट्याचा वेळ खातो तो मुख्यतः प्रवास. दादरला गाडी बदलून रोज जाऊन-येऊन चार तास धरले तर २२ दिवसांचे ८८ तास होतात. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळालं तर त्यातले पस्तीसेक तास पगाराला धक्का न लागता परत मिळतील. मागताना मोघम बोलू नका. कोणते वार, त्या दिवशी कोणती कामं आणि तीन महिन्यांची मुदत, हे लिहून मेल करा. नकार आला तर ठाण्यात नोकरी शोधा. घर ते ऑफिस सव्वा तास लागला तरी रोजचा दीड तास वाचतो. त्यासाठी पगार चार-पाच हजारांनी कमी मिळाला तरी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. नोकरी बदललीत तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीत वळवा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो.

एक गोष्ट नवऱ्याशी आधीच बोलून ठरवा. तुटीचे पैसे भरून काढायला त्यांनी ओव्हरटाइम सुरू केला, तर आई घरी आली आणि बाबा रात्री दहाशिवाय दिसेनासे झाले, असं होईल. आम्हाला तो व्यवहार पटत नाही.

प्रश्न : गावाहून सासूबाई नातवाला सांभाळायला आल्या आहेत. पाळणाघराचे पैसे वाचतात. त्यांना दरमहा काही द्यावं का?

उत्तर : अवश्य द्या, आणि थेट त्यांच्या खात्यात. पाळणाघराच्या निम्मी रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, म्हणजे त्यांना मागावं लागणार नाही. रविवारी नातू तुमच्या दोघांकडे. त्या दिवशी त्यांच्याकडून स्वयंपाकाचीही अपेक्षा नको. जवळच्या पाळणाघरात त्याचं नाव घालून ठेवा आणि महिन्यातून दोनदा अर्धा दिवस पाठवा. त्याला तिथली सवय असली की सासूबाईंना ताप आला किंवा लग्नकार्याला गावी जायचं झालं तरी कुणाला ऐन वेळी रजा टाकावी लागणार नाही.