दोन मुलींच्या वैरावरच्या जादूच्या कादंबऱ्या घरात आणणं बंद करावं का?

ताई, बंद करू नका. आमच्या घरात बंद केल्या होत्या, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहितेय.

तुम्ही लिहिलंय की थोरली १५ची आणि धाकटी १३ची. वारा, विजा, आग हाताळणाऱ्या मुलींच्या गोष्टींचं दोघींना वेड आहे. एक नायिकेची बाजू घेते, दुसरी तिच्या वैरिणीची, आणि ताटावर बसूनही वाद चालतो. पोरी यातून मत्सर शिकतात असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं.

मी जावळीतल्या एका गावात एकत्र कुटुंबात वाढले. माझ्यात आणि चुलतबहिणीत चार महिन्यांचं अंतर, वर्ग एकच. आम्ही दहावीत असताना पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या दादानं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, 'थ्री डार्क क्राउन्स' आणलं. दोघींत एक प्रत. केंडारे ब्लेकची ही कादंबरी २०१६ची. फेनबर्न नावाच्या बेटावर राणीच्या पोटी तिळ्या मुली जन्मतात. सहाव्या वर्षी त्यांची ताटातूट करून तीन घराण्यांकडे सोपवतात. सोळा वर्षं झाली की त्यांनी एकमेकींना मारायचं, उरेल ती राणी. मिराबेलाच्या हाती वादळ, वीज, आग. कॅथरीनला लहानपणापासून विष खायला घालून वाढवलेलं. आर्सिनोनं झाडं फुलवावीत, जनावरं वश करावीत अशी अपेक्षा, पण तिच्यानं काहीच होत नाही.

आमचं इंग्रजी बेताचं, एका पानाला दोन-तीनदा शब्दकोश उघडावा लागे. माझी खूण एसटीचं तिकीट, तिची राखीचा गोंडा. मी आर्सिनोची, ती मिराबेलाची. वर्गात पहिला नंबर कायम तिचा, त्यामुळे हिला ताकदवान राणीच आवडणार असं मी धरून चालले होते. एका रात्री पांघरुणातून म्हणाली, "अगं, ताकदीचं सोड. तिला बहिणी आठवतात, म्हणून मला ती आवडते." ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

मग पुस्तक काकूच्या हाती लागलं. मागच्या बाजूचा मजकूर तिनं कुणाकडून तरी वाचून घेतला. "बहिणी बहिणींना मारतात? असलं वाचून पोरी एकमेकींच्या जिवावर उठायच्या!" पुस्तक कपाटात गेलं आणि किल्ली तिच्या कमरेला.

त्या कपाटाच्या दाराला आतून वहीचा एक कागद चिकटवलेला होता. काकूनंच चिकटवलेला. दोन रकाने, एक बहिणीचा, एक माझा. पाचवीपासूनची प्रत्येक घटकचाचणी, प्रत्येक सहामाही, आणि जिचे गुण जास्त तिच्या आकड्याभोवती लाल गोल. तो कागद ज्या दाराला होता, त्याच दाराआड आमच्यात वैर लावणारं पुस्तक म्हणून ते पुस्तक कोंडलं गेलं.

दहावीचा निकाल लागला. मला ९०.२०, तिला ८६.४० टक्के. पपांनी पेढे आणले, काकूनं एकही उचलला नाही. रात्री जेवायला वाढताना पोरीला म्हणाली, "जा, तिची पायधूळ घे आता." माझ्यासमोर. बहीण त्या ताटावरून उठली ती सात महिने माझ्याशी बोलली नाही. आणि घरात ठरलं काय, तर त्या पुस्तकानं केलं! पुस्तक आमचं निम्मंही वाचून झालं नव्हतं.

पुढे कॉलेजात असताना वाचलं की ब्लेकबाईंना ही कल्पना मधमाश्यांच्या थव्यावरून सुचली. पोळ्यात नव्या राण्या तयार होतात आणि आधी बाहेर पडलेली बाकीच्यांना मारते, हे बाईंना एका मधपाळाकडून कळलं होतं. मला एकदम आमचे आजोबा आठवले. त्यांच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या होत्या. चौकट उचलून ते पोळ्याच्या खालच्या कडेची राणीघरं दाखवायचे, भुईमुगाच्या शेंगेएवढी, तोंड खाली. सांगायचे, अळी सगळ्यांसारखीच असते. कामकरी माशा जिच्यासाठी मोठं घर बांधतात आणि जिला शेवटपर्यंत खास खाऊ भरवतात, तिची राणी होते. राण्या लढतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण घरं कुणी बांधली हे कुणी विचारत नाही.

ब्लेकच्या कादंबरीत नेमकं तेच आहे. विषवाल्यांचं आरोन घराणं राजसभा सोडायला तयार नाही, पुजारिणींना मिराबेला गादीवर हवी आहे, आणि मरायचं मात्र पोरींनी. हे कळायला १५ वर्षांचं वय पुरेसं आहे. माझ्या बहिणीला कळलं होतं.

बाकी काय द्यावं म्हणाल तर ली बार्डुगोची 'शॅडो अँड बोन' (२०१२) द्या. त्यात प्रकाश बोलावणारी अलिना नायिका आणि वारा हाताळणारी झोया वैरीण. झोया तिच्या बरगड्या मोडते. पण लेखिकेनं तिला तिथेच टाकून दिलं नाही. 'किंग ऑफ स्कार्स' (२०१९) मध्ये झोयाच मुख्य पात्रांपैकी एक आहे. नवव्या वर्षी तिचं एका म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघाले होते, हे तिथे उलगडतं. वैरीण अशी वाचायला मिळाली पाहिजे. व्हिक्टोरिया एव्हयार्डच्या 'रेड क्वीन'मधली वैरीण इव्हांजेलिन मला पहिल्या भागात मुळीच पटली नाही. राजपुत्रासाठी दोन मुली भांडवायच्या हा आळस आहे. पुढच्या भागांत ती सुधारते, पण तिथवर धीर धरावा लागतो.

आता ताई, मनापासून विचारते. थोरलीचे मार्क धाकटीसमोर कोण काढतं? घरात असा एखादा कागद चिकटवलेला असेल, तर आधी तो फाडा. काकू गेल्या वर्षीच्या लग्नातही चार बायकांत म्हणाली, "त्या इंग्रजी पुस्तकानं आमच्या पोरींत फूट पाडली." बहीण शेजारीच उभी होती. म्हणाली, "आई, पुस्तक माझ्याकडंच आहे. चारही भाग वाचलेत मी." काकू काही बोलली नाही.

एक सांगायचं राहिलं. ब्लेकच्या पुस्तकात मारामारी, विषाचे हाल आणि प्रेमप्रकरणंही आहेत, त्यामुळे १३ वर्षांच्या मुलीला जरा लवकर होईल. थोरलीला आत्ता द्या. धाकटी चोरून वाचणारच, तेव्हा तुम्ही स्वतःच हातात द्या आणि पहिले काही दिवस शेजारी बसून वाचा. आणि प्रती दोन घेऊ नका, एकच घ्या.