आमटीत चांदीचे पाणी

प्रश्न : आमचे घराणे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायातले असल्यामुळे चांदीचे कौतुक घरात पहिल्यापासूनच आहे. काही महिन्यांपूर्वी माझ्या दिरांनी कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे चांदीच्या पाण्याची बाटली आणली. तिच्यावर १० पीपीएम असे छापलेले आहे. तेव्हापासून सासूबाई आमटीत, कणकेत आणि विरजण लावताना दुधातही त्याचा एकेक चमचा घालतात. त्या थायरॉईडची गोळी रोज घेतात. लहानपणी सगळेच चांदीच्या वाटीतून जेवले, मग चांदी पोटात गेली तर काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : सर्वांत आधी गोळीविषयी बोलले पाहिजे. पोटातील चांदीमुळे थायरॉक्सिनचे (थायरॉईडच्या गोळीत सहसा हेच औषध असते) आणि टेट्रासायक्लिनसारख्या काही प्रतिजैविकांचे शोषण कमी होऊ शकते. सासूबाईंनी चांदीचे पाणी आजपासूनच थांबवावे, गोळी मात्र नेहमीप्रमाणे चालू ठेवावी आणि पुढील तपासणीच्या वेळी ही बाटली डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

वाटीचा त्यांचा मुद्दा वाजवी आहे. परंतु उष्टावणाची खीर संपली की वाटी घासून पुन्हा फडताळात जाते आणि तिचे वजन घटल्याचे सराफाच्या काट्यालाही कळत नाही. बाटलीत मात्र चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, थोडी चांदी विरघळलेलीही असते, आणि ती सगळीच पोटात जाते. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, अर्थात ५ मिलिलिटरच्या चमच्यात ०.०५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दोन चमच्यांतच त्या मर्यादेच्या लिटरभर पाण्याइतकी चांदी येते. एखाद्या जेवणाने काही होणार नाही, पण रोजच्या स्वयंपाकाचा हिशेब वेगळा असतो. दोन तारा बॅटरीला जोडून असे पाणी घरी तयार करणाऱ्यांना तर त्यात किती चांदी उतरली, हेही ठाऊक नसते.

तेजाबात विरघळलेल्या चांदीत मीठ टाकले की पांढरा साका तळाशी बसतो, हे गलाईवाल्यांच्या घरी सांगायला नको. आमटीतील मीठही विरघळलेल्या चांदीला मोकळे सोडत नाही, क्लोराईडशी बांधून टाकते. तरंगणारे कणही मिठामुळे एकमेकांना चिकटू लागतात. ज्या जंतूंसाठी हा खटाटोप, त्यांचा निकाल आमटीच्या उकळीने आधीच लावलेला असतो. विरजणाचे तर मला नवलच वाटते, कारण चांदी जंतूंना मारते असे मानायचे, तर दही लावणारे जिवाणू आपले आहेत, हे तिला कोणी सांगायचे?

लोह किंवा जस्त शरीराला लागते, तशी चांदी लागत नाही. ती दीर्घकाळ पोटात जात राहिली तर त्वचेत साठते, प्रकाशाने काळवंडते आणि त्वचा निळसर राखाडी दिसू लागते. या विकाराला अर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा जन्मभर राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली अशी उत्पादने सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. भाजलेल्या जागी लावण्याचे चांदीयुक्त मलम डॉक्टर देतात, ते वरून लावण्यासाठी असते.

पेढ्यावरच्या वर्खाचे काय, असे साताऱ्याच्या एका वाचकांनीही विचारले आहे. खाण्याच्या वर्खातील चांदी किमान ९९९ शुद्धतेची, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध असावी, असा आपल्याकडे नियम आहे. सणासुदीला खाल्लेला असा वर्ख आणि रोज जेवणात घातलेले चांदीचे पाणी यांची तुलना होत नाही. शंका वाटल्यास वर्ख दोन बोटांत चुरडून पाहावा : चांदीचा असेल तर त्याची सहज भुकटी होते, ॲल्युमिनियमचा असेल तर नुसते तुकडे पडतात.