लेखणीवर घर चालवायचं तर…

प्रश्न: माझं बी.एड. झालं आहे. जिल्ह्याच्या दैनिकाच्या पुरवणीत लेख येतात, मानधन मात्र मिळत नाही. पूर्णवेळ लेखनच करायचं आहे. दर किती सांगावा? (एक वाचक, उदगीर)

उत्तर: पुरवणीतल्या लेखांनी नाव होतं, घर चालत नाही. ते नमुने म्हणून वापरा. पैसे मिळतात ते अनुवाद, बियाणे कंपन्यांची माहितीपत्रकं, संस्थांचे अहवाल, व्हिडिओच्या संहिता अशा कामांत. तूर, सोयाबीन, दालमिल, मोंढ्यातली आवक हे तुम्हाला घरबसल्या कळतं. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ते विचारून घ्यावं लागतं. त्यातला एक विषय धरा आणि तीन कसदार नमुने तयार ठेवा. ‘काहीही लिहून देतो’ म्हणणारा कुणाच्या लक्षात राहत नाही.

दर अंदाजाने सांगू नका. समजा महिन्याला २५,००० रुपये हवेत. माहिती गोळा करणं, फोन, वसुली यांत दिवस जातात, म्हणून लेखनाचे १२ दिवसच धरा. दिवसाला ६०० पक्के शब्द म्हणजे ७,२०० शब्द. शब्दाला साधारण साडेतीन रुपये पडतात. यापेक्षा फार खाली गेलात तर शब्द वाढवावे लागतात आणि मजकूर पातळ होतो.

फोनवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने कळवा: शब्दसंख्या, दर, तारीख, निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या. वाद बहुतेक दुरुस्तीवरूनच होतात, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत मूळ मागणीच बदललेली असते. हक्कांचं कलम नीट वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असं लिहिलेलं असेल तर दर वाढवून मागा, संकोच करू नका.

बिलावर पॅन हवाच. टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापला गेला तर तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-जमेच्या विवरणात, दिसतो का ते बघा. कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती काम घेण्याआधीच करा. मग करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांत पैसे देणं समोरच्यावर बंधनकारक ठरतं.

प्रश्न: मी पाठवलेल्या लेखातली अक्षरं संपादकांकडे तुटलेली दिसतात. (एक वाचक, परभणी)

उत्तर: तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असणार. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की मजकुराची चिन्हं होतात. युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत), इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर टाइप करा. जुने लेख रूपांतरित केलेत तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द एकेक करून तपासा. जोडाक्षरं आणि अर्धा ‘र’ तिथेच बिघडतात.